पूल बघत हिंडणारे साळुंखे

साळुंखेसाहेबांना खात्याने दिलेली खुर्ची ते पिशवी अडकवायला वापरायचे. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर ड्रॉइंग सेक्शन होतं, तिथे माझं टेबल आणि त्यांची ती खुर्ची समोरासमोर. मी कांबळे. बाई असले तरी हुद्दा ‘ड्राफ्ट्समन’. खात्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, मग मी तरी कशाला वाटून घेऊ? तर दिवसभर समोरची ती रिकामी खुर्ची बघायची, आणि कुणी येऊन विचारलं, "साळुंखेसाहेब कुठायत हो?" की सांगायचं, "आत्ता इथे होते." पुढे पुढे शिपाईसुद्धा मला विचारायच्या आधीच हे वाक्य म्हणून मोकळा व्हायचा.

माणूस ठेंगणा, काटक, रंगाने सावळा. चालायचे असे की बरोबरच्याला धावावं लागे. चहा उभ्याने, फाईल उभ्याने, सही करायची तर कागद भिंतीला टेकवून. "बसा की साहेब," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून काय हुतंय?" ऑफिसात ते आमच्यासारखंच बोलायचे, पण घाई झाली किंवा डोकं तापलं की कोरेगावकडचं बोलणं बाहेर यायचं. आणि त्यांना घाई नाही असा दिवस मी बघितला नाही. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी नेरूळच्या घरी मला एकदा पोहे खायला घालताना म्हणाल्या होत्या, "कांबळेबाई, ह्यांच्याशी संसार म्हणजे एसटी स्टँडवर मांडलेला संसार. कधी उठून निघतील नेम नाही."

हातात बारमाही काळी छत्री असायची. पावसाचा आणि तिचा काही संबंध नव्हता. तिच्या दांड्यावर फुटाफुटाच्या अंतराने लाल खुणा होत्या, वहिनींच्या नेलपॉलिशने केलेल्या. वाटेत पायरी दिसली की लाव छत्री. कठडा दिसला की लाव छत्री. एकदा कुणाच्या तरी लग्नात ते स्टेजच्या पायऱ्या मोजत होते, तर नवऱ्या मुलाचा मामा त्यांना मांडववाला समजला आणि दोन खुर्च्या उचलायला सांगून गेला. यांनी उचलल्या.

आणि रेल्वे! साहेब रेल्वेचे नव्हते हो. इमारती आणि रस्ते बांधणारं आमचं खातं. रूळ रेल्वेचे, पण रुळांवरून पलीकडे जाणारे पूल, जिने, स्टेशनाबाहेरच्या वाटा यातलं बरंच काम आमच्याकडे यायचं. नव्वद सालानंतरचे ते दिवस. गावं अजून नीट वसली नव्हती आणि खाडी ओलांडून लोकल नुकती पोचली होती. स्टेशनं एवढाली मोठी आणि बाहेर नुसतं गवत. गाडी दिसली की साहेब बोलता बोलता थांबायचे. मीटिंग चालू असो, नाहीतर मोठे साहेब समोर असोत, यांची मान खिडकीकडे. मी एकदा विचारलंच, "एवढं काय बघता हो?" तर म्हणाले, "आमच्या गावावरनं गाडी जायची, पण थांबायची नाही. मग काय, तवापासनं मीच तिच्या मागं."

हे सगळं गमतीचं. पण त्यांना जी खरी धग लागली ती एका सकाळपासून.

तुर्भ्याच्या बाजूला रुळांपलीकडे एक वस्ती होती आणि रुळांच्या अलीकडे घाऊक बाजार. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर निवडायला बसणाऱ्या बायका, पाठीवर पोती वाहणारे माथाडी, भाजीच्या पाट्या उचलणारे, सगळे त्या वस्तीतले. रूळ ओलांडले की पाच मिनिटांत बाजार, आणि रीतसर रस्त्याने गेलं तर केवढा वळसा. माणूस काय करणार? भिंत होती, तिला भोक पडलं होतं. आमच्या खात्याने ते बुजवलं की परत पडायचं. साहेब त्या भिंतीचीच पाहणी करायला गेले होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक बाई गाडीखाली गेली. डोक्यावर पाटी होती, तिला बाजूने येणारी गाडी दिसली नाही. एवढंच ते मला बोलले.

ती बाई म्हणजे हिराबाईची जाऊ. हिराबाई माणदेशातली, कांदा निवडणारी, आवाज असा की अख्खा गाळा गप्प व्हावा. साहेब नंतर रोज सकाळी ऑफिसच्या आधी त्या भोकापाशी जाऊन उभे राहू लागले. गाडी येत नाहीये ना बघायचे आणि हाताने लोकांना पुढे काढायचे. हिराबाईने पहिल्यांदा त्यांना फैलावर घेतलं ती गोष्ट तिनेच मला सांगितली. ती म्हणाली, "सायेब, मरू नका म्हनून सांगाया येताय, त्यापरीस पूल बांधा की! तुमचं सरकारच हाय न्हवं?" साहेब म्हणे मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "बांधतो, आक्का." साताऱ्याकडच्या माणसाने आक्का म्हटलं की ती नुसती हाक नसते. त्या दिवसापासून तो पूल त्यांच्या मानगुटीवर बसला.

पूल मंजूर होता. नव्हता असं नाही. पण कागदावर तो कुठे होता? बाजाराच्या ट्रकच्या फाटकाजवळ, वाटेपासून चांगला लांब. का, तर तिथे क्रेन नीट लागते. ते ड्रॉइंग माझ्याच हातचं. साहेब त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "काहीतरी चुकतंय बाई. पूल बरोबर हाय, तरी चुकतंय." काय चुकतंय ते त्यांनाही धड सांगता येईना, आणि मोठ्या साहेबांपुढे ‘काहीतरी चुकतंय’ हे काही कारण होत नाही.

तेवढ्यात खात्याने अभ्यासदौरा काढला. जर्मनी आणि हॉलंड. विषय काय, तर परदेशातली रेल्वे स्टेशनं आणि त्यांच्या भोवतीची बांधकामं. अभ्यासदौरा म्हणजे काय हे सरकारी माणसाला सांगायला नको. अभ्यास फाईलीत, दौरा बाजारात. एका अधिकाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून जागा रिकामी झाली, आणि ‘ड्रॉइंग काढणारे कोणी असावे’ असा वरून शेरा आला. अशी मी गेले. आमच्या महाडकडच्या घरी आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस शेजारपाजाऱ्यांना बोलावून माझा पासपोर्ट दाखवत होती.

मला साळुंखेसाहेबांच्या जोडीला दिलं होतं. म्हणजे खरं काम, ते हरवू नयेत हे बघायचं. काय सांगू, लहान पोर सांभाळणं सोपं. पहिल्याच दिवशी एका प्रचंड स्टेशनात सगळे फोटोला उभे राहिले, मोठ्या साहेबांनी टाय सारखा केला आणि साळुंखे गायब. शोधते तर काय, हे एका बाकावर चक्क उताणे झोपलेले, छत्री पोटावर आणि नजर वर छताकडे. लोखंडाच्या कमानी आणि मधे काच. शेजारी एक म्हातारी जर्मन बाई कुत्र्याला घेऊन बसली होती, ती घाबरून सरकून बसलेली. मी म्हटलं, "उठा हो, लोक काय म्हणतील!" हे म्हणतात, "बाई, तुम्ही पण झोपा. उभ्यानं दिसत नाही ते."

मी झोपले नाही. पण मान वर करून पाहिलं, आणि खरं सांगते, भान हरपलं.

पुढे रोज तेच. दुपारचं जेवण झालं की बाकीची मंडळी परफ्यूम आणि दाढीची मशीनं बघायला, आणि आम्ही दोघं कुठल्यातरी फलाटाच्या टोकाला. गाडी येताना दिसली की "आली, आली!" असं एवढ्या जोरात ओरडायचे की फलाटावरचे लोक वळून बघायचे. लाल इंजिन, निळं इंजिन, दुमजली डबे. एका इंजिनवाल्याला यांनी हात केला तर त्याने भोंगा वाजवून परत हात केला. साहेब संध्याकाळपर्यंत मला तेच सांगत होते, जसं काही मी तिथे नव्हतेच. एका गावात तर गाडी वरच्या रुळाला लटकून नदीवरून जाते. मी म्हटलं, हे काय मेलं वटवाघूळ! साहेबांनी तिच्यात बसायला नकार दिला. "आत बसलं की दिसत न्हाई," म्हणाले, आणि नदीच्या कडेने गाडीबरोबर धावत सुटले. मी गाडीत, ते खाली, धोतर नेसल्यासारखी पँट वर खोचलेली. पुढच्या स्टेशनाच्या खाली घामाने निथळत उभे होते आणि हसत होते.

पण मजेच्या मधेच एकदम गप्प व्हायचे. मोठ्या नदीवर एक भला थोरला लोखंडी रेल्वेपूल होता आणि त्याच्या कडेने माणसांना चालायची वाट. शेजारून गाडी धडधडत जाते आणि बायका ढकलगाडीतलं बाळ घेऊन आरामात चालतायत. साहेब या टोकाचे त्या टोकाला गेले, परत आले, परत गेले. मी कठड्याला टेकून बोरं खाल्ल्यासारखी चेरी खात उभी. शेवटी आले आणि म्हणाले, "हितं कुणी मरत नाही बाई." मी चेरीची पुडी बंद केली.

हॉलंडमध्ये एका खेडेगावाच्या स्टेशनावर पोलिसांनी धरलं ती गोष्ट ऑफिसात पुढे फार दिवस चालली, पण ऑफिसवाल्यांना ती फक्त हसण्यापुरती माहीत होती. खरं काय झालं ते मी होते म्हणून सांगते. आमची बस कुठल्याशा चीजच्या कारखान्यात थांबली होती. साहेबांना लांबून रूळ दिसले, झालं. आम्ही पोचलो तर छोटंसं स्टेशन आणि रुळांवरून एक साधा पादचारी पूल. देखणा नाही, काही नाही. साहेबांनी पायऱ्यांना छत्री लावली, कठड्याला लावली, मग खाली येऊन रुळांच्या कडेला पालथे पडून पूल खालून कसा धरलाय ते बघायला लागले. कुणीतरी फोन केला असणार. दोन पोलीस आले, एक पुरुष, एक बाई. काळी छत्री घेऊन रुळांजवळ पालथा पडलेला परका माणूस, त्यांची तरी काय चूक?

माझी तर पाचावर धारण बसली. माझं इंग्रजी ऐनवेळी पळून गेलं. साहेब उठले, शर्टची धूळ झटकली आणि त्यांच्या त्या कोरेगावच्या इंग्रजीत म्हणाले, "माय प्लेस, पीपल डाइंग. युवर प्लेस, पीपल नॉट डाइंग. आय ॲम सीइंग व्हाय."

पोलीसबाईने विचारलं, कशामुळे मरतात? साहेबांनी हाताने दाखवलं. डोक्यावरची पाटी, वाकलेली मान, बाजूने येणारी गाडी. त्या बाईने टोपी काढून हातात घेतली. मग तिने आम्हाला पुलाच्या पलीकडे नेलं आणि गवताकडे बोट केलं. गवतातून एक वाट आली होती, पायांनी पडलेली, आपल्याकडे असते तशीच. ती वाट थेट जिन्याच्या पहिल्या पायरीला येऊन लागत होती. बाई म्हणाली, आधी पूल स्टेशनाच्या त्या टोकाला होता आणि लोक खालूनच पळायचे. मग जिथून पळायचे तिथेच पूल आणून ठेवला.

साहेब त्या वाटेकडे बघत उभे राहिले. मग एकदम कपाळावर हात मारला. "च्यायला, कांबळेबाई! आपण वाटंला पुलाकडं बोलावतोय. पुलानं वाटंवर यायचं असतंय!" आणि त्या पोलीसबाईला त्यांनी वाकून नमस्कार केला. तिनेही गोंधळून हात जोडले. बसपाशी आलो तर मोठे साहेब लालेलाल. "साळुंखे, परदेशात येऊन खात्याची अब्रू घालवली!" साळुंखे म्हणाले, "होय सर," आणि छत्री हवेत नाचवत बसमध्ये चढले. परतीच्या विमानात सगळे झोपले होते आणि हे मधल्या वाटेने येरझाऱ्या घालत होते. हवाईसुंदरीने शेवटी हात जोडले.

आल्या आल्या त्यांनी माझ्या टेबलावरचं ते जुनं ड्रॉइंग उलटं करून ठेवलं. "पूल भोकाच्या डोक्यावर आणायचा," म्हणाले. मोठे साहेब म्हणाले, लोकांना शिस्त लावा. साळुंखे म्हणाले, पूल सरकवा. ड्रॉइंग वरून नामंजूर होऊन यायचं, साळुंखे ते परत पाठवायचे, आणि मधल्या मधे मी मरत होते. त्या एका कागदावर मी तो पूल इतक्यांदा खोडून काढला की ट्रेसिंग पेपर फाटला. एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, माझ्या हाताला काही किंमत आहे की नाही?" तर म्हणाले, "हाय की. म्हणून तर तुमच्याकडंच आणतोय."

मोठ्या साहेबांना त्यांनी शेवटी गाठलं ते आंब्याने. मोठे साहेब हापूसचे भयंकर शौकीन. सीझनात साळुंखे म्हणाले, "सर, बाजारात माझ्या ओळखीचा एक रत्नागिरीवाला हाय. पण पेटी पहाटे फुटते, तुम्हीच या निवडायला." मोठे साहेब आले. मलाही बोलावलं होतं. पेटी घेतली, शिपायाच्या डोक्यावर दिली आणि गाडी लांब लावलीय या सबबीखाली साळुंख्यांनी त्यांना थेट भिंतीच्या भोकापाशी आणलं. नेमकी बाजाराला जायची वेळ. त्या भोकातून माणसं नुसती ओतत होती. पाट्या, पोती, कडेवर पोरं. मोठे साहेब वाटेत उभे. समोरून एक खणखणीत आवाज आला, "आरं ए, सरक की बाबा! गाडी येतीया, आन् हा वरातीसारका हुबा ऱ्हायलाय!" आणि हिराबाईने त्यांच्या छातीला हात लावून त्यांना सरळ मागे ढकललं. त्याच क्षणी गाडी गेली. वाऱ्याने मोठ्या साहेबांचा चष्मा हलला. त्या आठवड्यात पुलाची नवी जागा मंजूर झाली. माणूस वाईट नव्हता हो, फक्त कधी भोकापाशी उभा राहिला नव्हता.

पावसाळा चालू असतानाच पूल उभा राहिला आणि गणपतीच्या सुमाराला रंगसुद्धा झाला. भिंतीचं भोक मोठं करून तिथेच जिन्याची पहिली पायरी. साहेब त्या पायरीवर उड्या मारून बघत होते. आता झालं, असं मला वाटलं. पण मी सरकारी नोकरीत असून इतकी भोळी कशी, कोण जाणे. पूल झाला म्हणून काय लोकांनी चढायचं? उद्घाटन नको? दोन्ही जिन्यांना बांबू बांधले आणि पाटी लावली, ‘उद्घाटनापूर्वी प्रवेश बंद’. मंत्रीसाहेबांची तारीख मागितली तर गणपतीत ते त्यांच्या गावी. त्यानंतर पितृपंधरवडा, त्यात कोण शुभकार्य करतो? त्यानंतर नवरात्र, तर मंत्रीसाहेबांच्या घरी घट. दसऱ्यानंतर बघू, असं उत्तर आलं. डोक्यावर नवाकोरा पूल आणि त्याच्या सावलीतून लोक रूळ ओलांडतायत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला इतकी चीड आली की त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या ह्यांच्यावर उगाचच ओरडले.

साळुंख्यांनी दोनदा वर लेखी कळवलं. तोंडी किती वेळा, ते विचारूच नका. सर्वपित्री अमावास्या आली. आदल्या दिवशी मला म्हणाले, "बाई, उद्या सकाळी जरा लवकर बाजाराकडून या." मी म्हटलं, "साहेब, काय करताय? नोकरीवर येईल." ते म्हणाले, "ज्यांच्यासाठी बांधला त्यातली एक पितरांतच हाय. मग तिच्याच दिवशी उघडू."

मी गेले. आमच्यात पितरं-बितरं नाहीत, पण मी गेले. हिराबाई जावेसाठी पानावर भात, वडा, खीर घेऊन आली होती. बाजारात कावळ्यांना काय तोटा, पण ती पान ठेवायला पुलावरच जाणार म्हणून हटून बसली होती. साहेबांनी विळ्याने दोर कापला, बांबू बाजूला केला आणि म्हणाले, "आक्का, व्हा पुढं." हिराबाईने पहिल्या पायरीवर नारळ फोडला आणि वर चढली. मागून सगळी वस्ती. वर मधोमध तिने कठड्यावर पान ठेवलं. कावळा बसायला वेळ लागला नाही. खालून गाडी गेली आणि इतक्या माणसांपैकी एकानेसुद्धा तिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

दुपारपर्यंत बातमी वर पोचली. मंत्रीसाहेबांच्या आधी पुलाचा वापर झालाच कसा? मोठ्या साहेबांनी ओरडून घसा बसवला, पण त्यांची नजर मात्र साळुंख्यांच्या नजरेला भिडत नव्हती. संध्याकाळी बांबू परत चढले आणि या खेपेला दोन पहारेकरी बसवले. साळुंख्यांची बदली निघाली, परभणीकडे कुठल्याशा गोदामाच्या कामावर. धाकट्या मुलीची दहावी होती, वहिनींनी हाय खाल्ली. मी त्यांना भेटायला गेले तर म्हणाल्या, "ह्यांना म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांबला असता तर काय बिघडलं असतं? तर म्हणाले, तोवर एखादी गेली असती तर?" आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बरोबर आहे हो त्यांचं. पण घर माझ्या डोक्यावर आहे ना."

नवरात्रभर साळुंखे रोज सकाळी रुळांवर जाऊन उभे राहिले. आता तर ते काम त्यांचं राहिलंच नव्हतं. पूल वर बंद, आणि हे खाली उभे राहून हाताने एकेकाला पलीकडे काढतायत. माणसाला काय वेड लागलंय, असं ऑफिसात लोक म्हणायचे. मी म्हणायचे, लागू दे.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन. साळुंख्यांना पदमुक्त केलं होतं, त्यांना आमंत्रण नव्हतं. पुलावर मंडप, झेंडूचे हार, बँड. खात्यातल्या बायकांनी काठापदराच्या साड्या नेसून यायचा हुकूम होता, आणि कात्रीचं तबक माझ्या हातात. मंत्रीसाहेब उशिरा आले. तोवर पहारेकऱ्यांनी दोन्ही जिने अडवून धरले होते आणि बाजाराची वेळ टळत चालली होती. मोठ्या साहेबांनी स्वागताचं भाषण सुरू केलं. मग प्रास्ताविक. मग कुणाचा तरी सत्कार. मी कठड्याशी उभी होते. सहज खाली बघितलं.

खाली रुळांत साळुंखे होते. एका हाताला म्हातारी, दुसऱ्या हाताला पाटीवाली बाई. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि तिघं मिळून पलीकडे. परत यायचे, परत दोघींना घ्यायचे. त्यांच्या डोक्यावर आमचा बँड वाजत होता. त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "कांबळेबाई! भाषणं मागनं करा म्हणावं! आधी कापा!"

मंत्रीसाहेबांनी विचारलं, "कोण आहेत हे?"

मोठे साहेब म्हणाले, "कुणी नाही सर, आमच्याच खात्यातले एक..."

मी पुढे झाले आणि तबक सरळ मंत्रीसाहेबांच्या हाताखाली धरलं. "सर, फीत," म्हटलं. ते गोंधळले, पण कात्री हातात आली की माणूस कापतोच. फीत तुटली, फोटोवाल्याची धांदल उडाली, आणि जिन्याखाली तिष्ठत असलेली माणसं पहारेकऱ्यांना बाजूला सारून वर घुसली. खुर्च्या सरकल्या, मंडपाचा एक खांब वाकडा झाला. बँडवाले पितळी बाजे डोक्यावर धरून कठड्याला चिकटले.

मी परत खाली बघितलं. आता रुळांत साळुंख्यांशिवाय कुणी नव्हतं. त्यांची परभणीची गाडी दुपारची होती, त्यांचं सामान बांधून वहिनी घरी वाट बघत असणार. ते घाईने तसेच रुळांतून पलीकडे निघाले. माझ्या शेजारी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून हिराबाई कडाडली, "आवं सायेब! डोळं फुटलं का तुमचं? पूल कुनासाठी बांधलाय? या वर!"

ते जागच्या जागी थांबले. वर बघितलं, ओशाळं हसले. मग मुकाट मागे फिरले आणि सगळ्यांच्या मागे जिन्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.